खो-खो खेळून अ‍ॅडमिशन मिळते का?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला आधीच बजावलं होतं, "शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तू जरा माहितीपर काहीतरी लिही." म्हणून हा इतिहासावरचा लेख. आपल्या इतिहासाच्या बाईंना या लेखावर माझं नाव पाहून धक्का बसेल. सनावळ्या पाठ नसल्यामुळे त्यांनी मला किती वेळा बाकावर उभं केलं असेल याची गणती नाही. बाई, या लेखातल्या सनावळ्या दोनदा तपासून घेतल्या आहेत!

पण सुरुवात आठवणीनेच करावी लागेल, कारण विषय तिथूनच सुचला.

१९९५ चा पावसाळा. आपण नुकते दहावीत गेलो होतो. शाळेमागच्या मैदानात खो-खोचे दोन खांब होते आणि त्यांच्यामध्ये कायम चिखल असायचा. तालुक्याला आपल्या मुलींचा संघ जिंकला आणि जिल्ह्याला जायचं ठरलं. सराव रोज संध्याकाळी पाच ते सात, आणि नेमकी त्याच वेळेला माझी गणिताची शिकवणी. घरी मी विचारलंसुद्धा नाही, कारण उत्तर माहीत होतं. दोन दिवस मी सरावाला गेले नाही. तिसऱ्या दिवशी पीटीचे सर सायकलवरून आमच्या घरी आले. ओल्या चपला बाहेर काढून खुर्चीच्या कडेला बसले आणि बाबांना म्हणाले, "पोरगी पळते चांगली. साखळी पळतीत तिला कुणी धरू शकत नाही. एवढा महिना पाठवा."

आईने चहा आणला. बाबांनी कप सरांच्या पुढे सरकवला आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "सर, तुमचं सगळं बरोबर आहे. पण खो-खो खेळून इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळते का?"

सरांकडे याचं उत्तर नव्हतं. थोडा वेळ बसले आणि उठून गेले. आपला संघ माझ्याशिवाय जिल्ह्याला गेला आणि पहिल्याच फेरीत हरला. माझ्यामुळे हरला असं म्हणण्याइतकी मी मोठी खेळाडू नव्हते, पण आपल्या कॅप्टनने पुढचे दोन महिने माझ्याशी अबोला धरला होता, हे तिला आणि मला दोघींनाही चांगलं आठवतं. पुढे बारावीच्या भौतिक, रसायन आणि गणिताच्या गुणांवर मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. तू कधी मैदानावर पाय ठेवला होतास का, असं कुणीही विचारलं नाही. त्या वेळच्या नियमांप्रमाणे बाबांचं काही चुकलं नव्हतं.

आता अठ्ठावीस वर्षं पुढे या. २०२३ ची शरद ऋतूतली संध्याकाळ, न्यू जर्सीतलं आमचं स्वयंपाकघर. दहावीत शिकणारी माझी लेक पोळी खाता खाता म्हणाली, "आई, मला टेनिस सोडायचंय." सात वर्षांची असल्यापासून तिला मी टेनिसला नेत होते. शनिवार-रविवार स्पर्धा, गाडीत डबे, मोटेलमध्ये मुक्काम. माझ्या तोंडून पटकन निघालं, "सोडून कसं चालेल? मग कॉलेजला अ‍ॅडमिशन कशी मिळणार?"

बोलून गेले आणि मला बाबांचा तो चहाचा कप आठवला.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी येतो. "मुलाला पदवीसाठी तिकडे पाठवायचा विचार आहे. तिकडे खेळ लागतो म्हणे?" मी आजवर "हो, थोडंफार बघतात" एवढंच उत्तर देत आले, कारण मलाही नीट ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळनंतर मात्र मी वाचायला बसले. खेळ आणि कॉलेजप्रवेश यांची गाठ कुणी बांधली, कधी बांधली आणि कशासाठी? हाती जे लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

तळ्यावरची शर्यत

अमेरिकेत दोन कॉलेजांमधला पहिला सामना झाला तो ३ ऑगस्ट १८५२ रोजी, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या विनिपेसॉकी नावाच्या तळ्यावर. हार्वर्ड विरुद्ध येल, वल्हवायच्या नावांची शर्यत. ती भरवण्यामागे होती एक रेल्वे कंपनी. शर्यत बघायला लोक येतील आणि आपल्या गाडीची तिकिटं खपतील असा सरळ हिशेब होता. हार्वर्ड जिंकलं. म्हणजे कॉलेजच्या खेळात पैसा नंतर शिरला असं नाही, तो पहिल्या दिवसापासून तळ्याच्या काठावर उभाच होता.

पहिला फुटबॉल सामना आमच्या घराजवळच झाला. आम्ही किराणा आणायला जातो त्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की न्यू ब्रन्सविक लागतं. तिथे ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रट्गर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात सामना झाला. एकेका बाजूला पंचवीस खेळाडू. रट्गर्सने ६-४ असा जिंकला. आज त्या जागी रट्गर्सची व्यायामशाळा उभी आहे. मी तिच्यावरून शेकडो वेळा गेले असेन, पण थांबून पाहिलं ते गेल्या वर्षी.

याच सुमाराला इंग्लंडमध्ये एक विचार जोर धरत होता. मैदानावर चारित्र्य घडतं आणि राज्य करायला लागणारे पुरुष तिथेच तयार होतात, असा. रग्बीच्या शाळेवरची 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' ही कादंबरी १८५७ मध्ये आली आणि तिने हा विचार घरोघरी पोचवला. १९०२ मध्ये सेसिल ऱ्होड्स वारला. त्याच्या मृत्युपत्रातून निघालेल्या शिष्यवृत्तीच्या निकषांमध्ये विद्वत्तेच्या जोडीला मर्दानी मैदानी खेळांची आवड आणि त्यातलं यश हाही निकष होता. निवडीसाठी खेळाला अधिकृतपणे वजन दिल्याचं हे एक जुनं आणि ठळक उदाहरण. ती शिष्यवृत्ती तेव्हा फक्त पुरुषांसाठी होती, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत फुटबॉलचं वेड इतकं वाढलं की पोरं मैदानावर मरू लागली. १९०५ च्या एका हंगामात किमान १८ जणांचा जीव गेला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितलं. पुढच्या वर्षी कॉलेजांच्या खेळांवर देखरेख करणारी एक संघटना स्थापन झाली. १९१० मध्ये तिला आजचं नाव मिळालं, एनसीएए.

इथवर एक गोष्ट ध्यानात घ्या. खेळ कॉलेजात होता, पण प्रवेशाच्या दारात नव्हता. प्रवेश परीक्षेवर मिळायचा. लॅटिन, गणित वगैरे विषयांचे पेपर द्यायचे, पास झालात की आत. १९०१ पासून कॉलेज बोर्डाच्या सामाईक परीक्षाही सुरू झाल्या. मोठ्या कॉलेजांमध्ये बहुतेक मुलं ठरावीक श्रीमंत शाळांमधून यायची, त्यामुळे परीक्षेने कुणाचं फारसं अडत नव्हतं.

हुशार मुलं नकोशी झाली तेव्हा

अडायला लागलं ते १९२० च्या आसपास. त्याआधीच्या चाळीस वर्षांत पूर्व युरोपातून लाखो ज्यू कुटुंबं अमेरिकेत आली होती. शिंपीकाम, फेरीवाल्याचा धंदा, छोटी दुकानं करणारी माणसं. आपल्याला मिळालं नाही ते शिक्षण मुलांना द्यायचं या एका गोष्टीसाठी पोटाला चिमटा घेणारी. त्यांची मुलं सरकारी शाळांत शिकली, रात्री जागून अभ्यास केला आणि परीक्षा पास होऊन थेट हार्वर्ड-कोलंबियात जाऊन बसली. १९०० च्या सुमाराला हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी शंभरात सात होते, ते १९२२ पर्यंत एकवीस-बावीसवर गेले. कोलंबियात हा आकडा चाळीसच्या जवळ पोचला होता.

हार्वर्डचे तेव्हाचे अध्यक्ष ए. लॉरेन्स लॉवेल यांना हे सोसवेना. त्यांनी १९२२ मध्ये ज्यू विद्यार्थ्यांसाठी १५ टक्क्यांची मर्यादा सुचवली. गवगवा झाला, वर्तमानपत्रांत झोड उठली आणि प्राध्यापकांच्या समितीने पुढच्या वर्षी तो प्रस्ताव फेटाळला. उघड कोटा गेला. मग दुसरा मार्ग निघाला. १९२६ पासून हार्वर्डने पहिल्या वर्षाच्या जागा हजारावर गोठवल्या आणि गुणांच्या जोडीला 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' बघायचं ठरवलं. अर्जासोबत फोटो आला. शिफारसपत्र आणि मुलाखत यांना महत्त्व आलं. त्याआधी, १९२२ च्या अर्जात तर असा एक प्रश्न घातला होता की, जन्मानंतर तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल केला आहे का? आडनाव बदलून कुणी आत शिरू नये म्हणून. आडनावावरून माणूस ओळखण्याची विद्या आपल्याकडचीच आहे असं मला वाटायचं!

कोलंबिया आणि येलनेही कमी-अधिक फरकाने हीच वाट धरली. काही वर्षांतच हार्वर्डमधलं ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याच्याही खाली आलं. लॉवेल यांना हवं होतं ते कोटा न लावता झालं.

हे सगळं मी वाचलं ते जेरोम कॅराबेल या समाजशास्त्रज्ञाच्या 'द चोझन' या २००५ मधल्या जाडजूड पुस्तकात. लायब्ररीतून आणून दोनदा मुदत वाढवून घेतली. त्यातून एक गोष्ट उमगली. 'चारित्र्य' हा शब्द मोजायला अवघड असतो, म्हणून तो मोजायला खुणा लागतात. संघाचा कॅप्टन असणं, मैदानावर चमकणं, क्लबचं पुढारीपण करणं या त्या खुणा ठरल्या. त्या ज्यांच्याकडे होत्या ती मुलं अर्थातच मोठ्या मैदानांच्या, वसतिगृहांच्या शाळांमधली होती. शिंप्याचा मुलगा शाळा सुटल्यावर दुकानात बापाला मदत करायचा. त्याला 'पुस्तकी किडा' म्हणणं सोपं झालं.

प्रत्येक कॉलेजने खेळाला वजन दिलं ते ज्यूंना अडवायलाच, असं म्हणणं चूक होईल. सांघिक खेळ माणसाला घडवतात यावर मनापासून विश्वास असणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. आपले पीटीचे सर त्यांच्यातलेच. पण गुणांपलीकडे जाऊन 'सगळा माणूस' बघण्याची जी पद्धत आज इतकी उदार वाटते, तिच्या जन्मदाखल्यावर हा डाग आहे. त्याच काळात, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणसाला नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल दिला होता. आणि १९२४ च्या कायद्याने आशियाई लोकांना दार जवळजवळ बंदच झालं. हार्वर्डच्या दारात उभे राहण्याइतके आपले लोक तेव्हा तिथे नव्हते, एवढंच. असते तर आपणही त्याच रांगेत असतो.

ते प्रकरण वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ गप्प बसले. रात्री जागून अभ्यास करणारी, आईबापांनी सगळं पणाला लावून शिकवलेली ती मुलं मला परकी वाटली नाहीत. ती आपल्या वर्गातली होती. आणि शंभर वर्षांनी मी माझ्या मुलीला टेनिसच्या कोर्टावर ढकलत होते, ते 'नुसती अभ्यासू भारतीय मुलगी' असा शिक्का तिच्या अर्जावर बसू नये म्हणून. आमच्या ओळखीतले निम्मे आईबाप हेच करतात. कुणाचा मुलगा तलवारबाजीला जातो, कुणाची मुलगी स्क्वॉशला. मुलांना आवडतं का, हे विचारायचं राहून जातं.

मुलींचा कायदा

आता दुसरी बाजू. हा इतिहास काळाच आहे असं मानायला मी तयार नाही, आणि त्याचं कारण म्हणजे २३ जून १९७२. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एका शिक्षणविषयक कायद्यावर सही केली. त्यातलं एक कलम टायटल नाइन या नावाने प्रसिद्ध आहे. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष असा भेदभाव करता येणार नाही, एवढंच ते सांगतं. त्यात खेळ हा शब्दही नाही. तरी त्याने मैदानं बदलली.

कायदा झाला त्या वर्षी अमेरिकेतल्या हायस्कूलच्या संघांतून खेळणाऱ्या मुली तीन लाखांपेक्षा कमी होत्या. आज तो आकडा ३४ लाखांच्या घरात आहे. हा कायदा घडवण्यात पुढाकार घेणाऱ्यांत पॅट्सी मिंक होत्या, हवाईच्या जपानी वंशाच्या खासदार. त्यांना स्वतःला केवळ बाई म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला होता.

आपल्या शाळेत आठवड्यातले चार दिवस मैदान मुलांच्या क्रिकेटचं असायचं, दोन दिवस आपलं. तेव्हा त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. लेकीच्या शाळेत मुलींच्या संघाला मुलांच्या बरोबरीने कोर्ट आणि बस मिळते, ती कुणाच्या मेहेरबानीने नाही. हे पाहिल्यावर मला आपला तो चिखलातला सराव आठवतो आणि जराशी असूया वाटते.

मग खेळ लागतो का?

आता तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या प्रश्नाचं उत्तर. हे करताना विद्यार्थ्यांचे तीन गट डोळ्यांपुढे ठेवा.

पहिला गट, ज्यांना कॉलेजचा प्रशिक्षक स्वतः शोधून बोलावतो. त्यांच्यासाठी खेळ हाच मुख्य दरवाजा आहे आणि तो चांगला रुंद आहे. हार्वर्डवरचा खटला २०१८ मध्ये बॉस्टनमध्ये उभा राहिला तेव्हा प्रवेशाची आतली माहिती पहिल्यांदाच बाहेर आली. फिर्यादी पक्षाकडून काम केलेल्या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंपैकी ८६ टक्के मुलांना हार्वर्डने प्रवेश दिला होता. ज्यांना खेळाचा, माजी विद्यार्थ्याचं अपत्य असण्याचा किंवा तसला काहीच आधार नव्हता, त्यांच्यात शंभरातून जेमतेम पाच-सहा. गंमत म्हणजे हार्वर्ड ज्या आयव्ही लीगमध्ये आहे, त्या आठ कॉलेजांनी १९५४ च्या करारात खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही असं ठरवलेलं आहे. पैसा नाही, पण जागा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वंशाचा विचार करून प्रवेश देण्यावर बंदी घातली. खेळाडूंच्या जागांना मात्र त्या निकालाने हात लागला नाही.

हा दरवाजा किती मोलाचा आहे, ते २०१९ च्या घोटाळ्यात दिसलं. रिक सिंगर नावाचा एक सल्लागार श्रीमंत आईबापांकडून पैसे घ्यायचा आणि प्रशिक्षकांना लाच देऊन त्यांच्या मुलांना खेळाडू म्हणून आत घालायचा. ज्यांनी तो खेळ कधी खेळलाही नव्हता, अशा मुलांचे फोटो खेळाडूंच्या धडावर चिकटवलेले सापडले. मार्चमध्ये पन्नास जणांवर आरोप ठेवले गेले. सिंगरला पुढे साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

पण या पहिल्या गटात मुलं किती? अमेरिकन हायस्कूलच्या संघांमधला सहभाग ८० लाखांच्या आसपास आहे. त्यातल्या शंभरातली सुमारे सात मुलं कॉलेजच्या संघात पोचतात आणि जेमतेम दोन सर्वांत वरच्या विभागात. तुमचं मूल त्यातलं असेल तर तुम्हाला मला विचारावं लागणार नाही, प्रशिक्षकच तुम्हाला फोन करेल.

दुसरा गट, शाळेच्या संघात खेळणारी साधी मुलं. त्यांच्यासाठी खेळ म्हणजे अर्जावरची एक ओळ. १९७५ मध्ये पंधरा कॉलेजांनी मिळून एकच सामाईक अर्ज सुरू केला, आज शेकडो कॉलेजं तो वापरतात. त्यात अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांसाठी दहा रकाने आहेत. खेळ हा त्यातला एक प्रकार. त्याच यादीत पगाराची नोकरी आहे आणि घरची जबाबदारीही आहे. धाकट्या भावंडांना सांभाळणं, आजीची औषधं बघणं, वडिलांच्या दुकानात बसणं हे सगळं तिथे लिहिता येतं. शंभर वर्षांपूर्वीच्या शिंप्याच्या मुलाला आज निदान एक रकाना मिळाला आहे.

तिसरा गट, अजिबात न खेळणारी मुलं. त्यांचं काहीही अडत नाही. अमेरिकेतली बहुसंख्य कॉलेजं आलेल्या अर्जांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना घेतात. टेक्ससमध्ये तर १९९७ च्या कायद्याने हायस्कूलच्या वर्गात पहिल्या दहा टक्क्यांत आलेल्यांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश ठेवला. ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठाने ती मर्यादा पुढे आणखी खाली आणली, पण मैदानाचा प्रश्न तिथे येत नाही. आणि कॅलटेक बघा. विज्ञानातल्या या नामांकित संस्थेचा बास्केटबॉल संघ १९८५ पासून आपल्या गटातले सलग ३१० सामने हरला होता. २०११ च्या फेब्रुवारीत ते अखेर एका गुणाने जिंकले. खेळाडूंसाठी प्रवेशाची अट सैल करायची नाही, मग हरलो तरी चालेल, असं ठरवणाऱ्या कॉलेजातही मुलं आनंदाने खेळत होती. मला हे सगळ्यात आवडलं.

आणि आपल्याकडे? वारं थोडं उलट दिशेने वाहू लागलंय. महाराष्ट्रात दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे. आयआयटी मद्रासने २०२४ पासून प्रत्येक पदवी शाखेत दोन जादा जागा खेळाडूंसाठी ठेवल्या, त्यातली एक मुलीसाठी. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास व्हावंच लागतं, पण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आता अगदीच 'नाही' राहिलेलं नाही. उत्कृष्ट खेळाडूच्या मेहनतीची कदर व्हावी, हे योग्यच आहे. फक्त उद्या शिकवणीच्या जाहिरातीशेजारी 'क्रीडागुणांची हमी' अशी पाटी दिसली तर तिकडे फिरकू नका, एवढी विनंती.

घरी काय झालं

माझ्या पेशाप्रमाणे मी एक एक्सेल शीट उघडली आणि आठ वर्षांच्या टेनिसचा खर्च मांडला. बेरीज इथे देत नाही, कारण नवराही ही स्मरणिका वाचणार आहे. मग लेकीला विचारलं, तुला खेळायचंच नाही का? ती म्हणाली, "खेळायचंय. जिंकायला नाही पाहिजे मला दर शनिवारी."

तिने टेनिस सोडलं आणि शाळेच्या लांब पल्ल्याच्या धावण्याच्या संघात नाव घातलं. त्या संघातून कुणालाच काढत नाहीत. ती शेवटच्या दहांत येते. गुडघ्यापर्यंत चिखलात भरून घरी येते आणि मागच्या वेळेपेक्षा अकरा सेकंद कमी लागले म्हणून दारातूनच ओरडते. प्रवेशाच्या हिशेबात या धावण्याची किंमत जवळपास शून्य आहे. ती यंदा बारावीत आहे, अर्ज गेले आहेत, निकाल मार्चमध्ये. कुठे मिळेल, कुठे नाही, हे तुमच्याइतकंच मलाही ठाऊक नाही. रात्री कधी कधी वाटतं, टेनिस चालू ठेवलं असतं तर? असं वाटणं थांबलेलं नाही, खोटं कशाला बोलू.

दिवाळीत बाबांना फोनवर विचारलं, "बाबा, पीटीचे सर घरी आले होते, तुम्हाला आठवतं का?" बाबा आता ७८ वर्षांचे आहेत, हल्ली बऱ्याच गोष्टी विसरतात. क्षणभर थांबून म्हणाले, "चहा तसाच ठेवून गेले होते ते. मला नंतर वाईट वाटलं. महिनाभराचाच तर प्रश्न होता."

तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

सर, तुम्ही संमेलनाला येणार आहात असं कळलं. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मी एवढं लांबून शोधून आणलंय. खो-खो खेळून अ‍ॅडमिशन मिळत नाही. अमेरिकेतही, मूठभर पोरांना सोडलं तर, खेळावर कुणाचं काही अडत नाही. पण तुम्ही त्या संध्याकाळी अ‍ॅडमिशनबद्दल बोलायला आला नव्हता. पोरगी पळते चांगली, एवढंच सांगायला आला होता. मला कुणी पाहिलं आणि माझ्यासाठी सायकल मारत कुणी पावसातून आलं, हे माझ्याजवळ राहिलंय. परदेशात पहिल्या नोकरीत जड गेले ते दिवस मी त्यावर काढलेत, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. चहा राहिलाय, तो या वेळी आमच्याकडून.

आणि आपल्या कॅप्टनसाठी निरोप. खांब अजून जागेवर आहेत असं ग्रुपवरच्या फोटोत दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास मोकळा आहे. नऊ मिनिटांचा डाव आता कुणालाच झेपणार नाही, तीन मिनिटांचा करू. लेकीलाही घेऊन येते आहे. तिला बैठीत बसव आणि मला पळतीत घे. या वेळी मी घरी विचारून आलेय.